आक्काची दहा मिनिटं

श्रीपेरुंबुदूरला आलो त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या तमिळ सहकाऱ्यानं खिडकीबाहेर बोट दाखवून म्हटलं, "कुरंगु!" मी हरीण शोधू लागलो. आपल्याकडे कुरंग म्हणजे हरीण. रस्त्याकडेच्या चिंचेवर दहा-बारा माकडं ऐसपैस बसली होती आणि मी त्यांच्या पलीकडच्या गवतात डोळे फाडून बघत होतो. तमिळमध्ये कुरंगु म्हणजे माकड हे कळलं तेव्हा बस पुढे गेली होती.

समोर होतं ते दिसलं नाही, कारण डोक्यात दुसरंच काही होतं. पुढे तीन-चार वर्षं माकडं बघण्यात गेली, आणि त्या पहिल्या दिवसाची चूक किती जुनी आणि किती मोठमोठ्या माणसांनी केलेली आहे, हे हळूहळू कळत गेलं.

श्रीपेरुंबुदूर चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवर, बंगळूरच्या हमरस्त्यावर आहे. वैष्णवांसाठी हे रामानुजाचार्यांचं जन्मगाव. बाकीच्या देशाला ते २१ मे १९९१च्या रात्रीमुळे माहीत झालं, राजीव गांधींची हत्या इथेच झाली. आणि भोसरी-चाकणकडून आलेल्या आमच्यासारख्यांसाठी ते सिपकॉट, म्हणजे इथली एमआयडीसी. मोटारी, काच, सुटे भाग, तीन पाळ्या. मी क्वालिटीतला माणूस. आयुष्यभर गेज हातात घेऊन दुसऱ्यांनी केलेलं काम तपासत आलो.

आमच्या क्वार्टर्सच्या मागे एक एरी आहे. एरी म्हणजे या भागातला बांध घालून केलेला जुना तलाव. बांधावर एक वड, चार चिंचा आणि चहाची एक टपरी. माकडांची एक टोळी तिथे पहाटे उतरते. आपल्या माथेरानला दिसतात तीच ही माकडं. करडा-तपकिरी रंग, लांब शेपूट, आणि डोक्यावर मधोमध भांग पाडून चारी बाजूंनी केस पसरलेले, जणू कुणी घाईत टोपी दाबून बसवलीय. इंग्रजीत त्यांना 'बॉनेट' म्हणतात ते याच टोपीमुळे. ही जात जगात फक्त भारताच्या द्वीपकल्पीय भागात आहे. काळ्या तोंडाचं वानर वेगळं, त्याचा हुप्प्या वेगळा. मराठीनं हा भेद नीट जपलाय, माकड ते माकड आणि वानर ते वानर. पण त्याच मराठीनं माकडचेष्टा, मर्कटलीला, माकडाच्या हाती कोलीत असे शब्द घडवून माकडाविषयीचा निकालही आधीच देऊन ठेवलाय.

सुट्टीच्या दिवशी मी वही घेऊन बांधावर बसू लागलो. पहिल्या तीन महिन्यांत वही भरली. कुणी कुणाच्या अंगावर धावलं, कुणी टपरीवरून बिस्किटाचा पुडा पळवला, कोणत्या नरानं कुणाला झाडावरून खाली आणलं, सगळं तारीख-वेळेसह. मला वाटलं, या टोळीची मला चांगली ओळख झाली आहे.

माझी भाची रानातल्या माकडांवर संशोधन करते. नीलगिरीच्या पायथ्याहून परतताना ती दोन दिवस आमच्याकडे उतरली. मी अभिमानानं वही पुढे केली. तिनं चार-पाच पानं उलटली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही माकडं नाही मोजलीत. भांडणं मोजलीत."

"मग? भांडत होती ती."

"भांडत होती तेव्हा तुमची मान वर झाली. बाकीच्या वेळी ती काय करत होती?"

मला सांगता येईना. ती हसली नाही, हे तिचं चांगलंपण. तिनं बॅगेतून एक छापील तक्ता काढला. डावीकडे वेळ आणि वर रकाने: खाणं, हिंडणं, बसणं, दुसऱ्याचे केस विंचरणं, दुसऱ्याकडून विंचरून घेणं, खेळ, भांडण. शेवटचा रकाना 'नजरेआड'. पद्धत तिनं दोन मिनिटांत सांगितली. टोळीतलं प्रत्येक माकड आधी ओळखायला शिका. नावांच्या चिठ्ठ्या करा. चिठ्ठी निघेल त्याच्याकडे दहा मिनिटं बघा. शेजारी आभाळ कोसळलं तरी नजर हलवायची नाही. दहा मिनिटं झाली की पुढची चिठ्ठी.

या साध्या वाटणाऱ्या नियमामागे एक निबंध आहे. जीन आल्टमन या बाईंचं शिक्षण गणितातलं. केनियातल्या अंबोसेलीत त्यांनी बबून माकडांवर काम केलं. १९७४ साली त्यांनी 'बिहेविअर' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यात कोणताही नवा प्राणी नव्हता, थरारक प्रसंग नव्हता. प्राणी बघताना माणूस कुठे फसतो आणि त्यावर उपाय काय, एवढंच होतं. जे लक्ष वेधून घेईल ते लिहीत गेलं, तर वहीत प्राण्याचं आयुष्य उतरत नाही, बघणाऱ्याचं लक्ष उतरतं. मोठा आवाज, मोठा देह, नर, मारामारी यांचा हिशेब फुगतो. गप्प बसलेली म्हातारी मादी हिशेबातच येत नाही. म्हणून कुणाकडे बघायचं हे आपण ठरवायचं नाही, ते आधी ठरलेलं असलं पाहिजे.

हे मला शिकवायला आफ्रिकेतून कुणी यायला नको होतं. शॉप फ्लोअरवर मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं हेच सांगत आलो आहे. ट्रेमधले पीस बघून उचलू नका, क्रमांकानं उचला. बघून उचलाल तर ज्याच्यावर ओरखडा आहे तोच हातात येईल. ओरखडा डोळ्याला दिसतो, बोअर म्हणजे आतलं भोक मोठं झालेलं दिसत नाही, आणि गाडी रस्त्यात बंद पडते ती बोअरमुळे. कारखान्यात जे मला मुखपाठ होतं, ते बांधावर बसल्या दिवशी पार विसरून गेलो होतो. लोखंडासमोर पाळलेली शिस्त जिवंत प्राण्यासमोर सुटते, कारण तिथे आपल्याला गोष्ट हवी असते.

माकडं ओळखायला दोन महिने लागले. तुटका कान, वाकडं बोट, शेपटीतला पीळ, टोपीचा भांग. एका म्हाताऱ्या मादीचा खालचा ओठ कायम लोंबत असे. चालताना ती प्रत्येक चार पावलांवर थांबून मागे बघायची. तिचं नाव मी आक्का ठेवलं. टपरीवाल्या बाईंनीही लगेच मान डोलावली. मराठीतही आक्का, तमिळमध्येही अक्का, नाव दोन्हीकडे चाललं.

एका रविवारी आक्काची चिठ्ठी निघाली. ती बांधाच्या दगडावर पाठ करून बसली होती. पहिली तीन मिनिटं मी रकान्यात 'बसली', 'बसली', 'बसली' लिहिलं. चौथ्या मिनिटाला टपरीमागच्या कचराकुंडीपाशी रण माजलं. किंकाळ्या, पळापळ, चहावाल्या बाईंचा आरडाओरडा. सगळे तिकडे वळले. माझी मानही अर्धी वळली होती. मी ती ओढून परत आणली, आणि म्हणूनच पुढचं दिसलं. आक्का उठली. भांडणाकडे गेली नाही. दगड सोडून ती वडाच्या मुळापाशी, जरा उंचावर जाऊन बसली आणि ओठांची भराभर पुटपुट करू लागली. माकडांच्या भाषेत ती 'भिऊ नकोस'ची खूण. अर्ध्या मिनिटात कुंडीपाशी मार खाल्लेलं एक वर्षभराचं पिल्लू दात विचकत पळत आलं आणि नेमकं तिच्या पोटाशी शिरलं. मागून धावत आलेली तरणी मादी चार हातांवर थबकली. तिनं भुवया वर करून दम दिला, पण पुढे आली नाही. आक्का त्या पिल्लाचे केस विंचरू लागली. दहाव्या मिनिटाला वडाखाली इतकी शांतता होती की त्या क्षणी तिथे आलेल्याला काही घडून गेलंय हे कळलंही नसतं.

'दात विचकणं' हा शब्द आपण हसण्यासाठी वापरतो. मोबाइलवर फोटो काढणारेही म्हणतात, बघा माकड हसतंय. या माकडांत वरच्या पायरीवरच्यासमोर दात दाखवणं म्हणजे बहुधा भीती असते, शरणागती असते. ते पिल्लू हसत नव्हतं.

एका प्रसंगावरून काहीच सिद्ध होत नाही. आक्का मुद्दाम तिथे जाऊन बसली की ऊन लागलं म्हणून उठली, हे मी सांगू शकत नाही. पण माझ्या जुन्या वहीत या सकाळची नोंद 'कचराकुंडीपाशी मोठं भांडण' एवढीच झाली असती, हे नक्की सांगू शकतो.

नंतर भाचीनं मला धारवाडची गोष्ट सांगितली. धारवाड म्हटलं की आपल्याला पेढा आठवतो, जी. ए. कुलकर्णी आठवतात, मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात. १९६१ ते १९६३ या काळात त्याच धारवाडजवळच्या जंगलात युकिमारु सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ वानरांच्या टोळ्यांमागे हिंडत होते. क्योटोची त्यांची परंपरा प्रत्येक प्राणी वेगळा ओळखायचा, त्याची कुळकथा लिहायची, अशी. त्याआधी थोडीच वर्षं फिलिस जे या अमेरिकी बाईंनी उत्तर आणि मध्य भारतातल्या वानरांचं वर्णन शांत, सलोख्यानं राहणारे प्राणी असं केलं होतं. सुगियामांना धारवाडला वेगळंच दिसलं. १९६२ साली बाहेरच्या नरांच्या टोळक्यानं एका टोळीवर हल्ला केला आणि जुन्या हुप्प्याला हुसकावलं. मग आलेल्यांपैकी एकानं बाकीच्यांनाही हाकलून टोळी ताब्यात घेतली. त्यानंतर त्या टोळीतली अंगावर पिणारी पिल्लं त्याच्या चाव्यांनी गेली. थोड्याच दिवसांत त्यांच्या आया त्याच नराशी जुगू लागल्या.

सुगियामांनी १९६५ मध्ये हे छापलं. अनेकांनी ते मान डोलावून बाजूला ठेवलं. गर्दी झाली असेल, माणसांच्या जवळ राहून बिघडली असतील, हा विकृतीचा प्रकार असेल. निसर्गात असं नसतं, हे आधीच ठरलेलं होतं. डोक्यात हरीण असलं की झाडावरचं माकड दिसत नाही, तसंच ते.

हार्वर्डच्या सारा हर्डी १९७१ मध्ये अबूच्या पहाडावर आल्या त्याही गर्दीचीच कल्पना घेऊन. त्याच सुमारास जोधपूरला एस. एम. मोहनोतही पिल्लं मारली गेल्याची नोंद करत होते. अबूला हर्डींना दिसलं की गर्दी कमी असो वा जास्त, पिल्लं मरतात ती टोळीचा नर बदलला की. त्यांनी आपली कल्पना टाकून दिली. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते, हा त्यांचा निष्कर्ष. १९७७च्या पुस्तकात तो आला. पण मला जास्त मोलाची वाटते ती त्यांची दुसरी गोष्ट. त्या माद्यांकडे बघत राहिल्या. म्हाताऱ्या माद्या पिल्लासाठी नराच्या अंगावर कशा धावून जातात, माद्या अनेक नरांशी संग करून बाप कोण याचा घोळ कसा ठेवतात, हे त्यांनी लिहिलं. तोवर अनेकांच्या लेखी मादी म्हणजे नरांच्या नाटकातली गर्दी होती.

वाद थांबला नाही. पुढे नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या विष्ठेतून डीएनए तपासले गेले आणि पिल्लं मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, हे १९९९ मध्ये छापून आलं. १९६२ पासून मोजलं तर सदतीस वर्षं. धारवाडच्या जंगलात एका माणसानं पाहिलेली एक गोष्ट नीट मान्य व्हायला एवढा काळ लागला. मधल्या काळात सुगियामा आफ्रिकेत गेले आणि गिनीतल्या बोसूला चिंपांझींवर वर्षानुवर्षं काम करत राहिले.

"तुला एवढी वर्षं थांबायचा धीर आहे?" मी भाचीला विचारलं.

"धीर कसला मामा, तीन वर्षांपुढचा पगार कुठे ठाऊक असतो," ती म्हणाली. प्रकल्प संपला की फेलोशिप संपते, पुन्हा अर्ज, पुन्हा वनखात्याची परवानगी. चाळिशीला आली तरी तिच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मुलगी नेमकं काय करते हे शेजारणींना सांगता येत नाही. पहाटे साडेचारला उठायचं, माकडं झोपली असतील त्या झाडाखाली ती उठायच्या आत पोचायचं आणि ती पुन्हा झोपेपर्यंत मागे राहायचं. पावसात जळवा, उन्हात तहान. सुरुवातीचे कित्येक महिने माकडं माणूस बघून पळतात, तेव्हा तक्त्याला हातही लागत नाही. "त्यांना आपला कंटाळा येईपर्यंत थांबायचं," ती म्हणाली. "त्यांनी आपल्याकडे बघणं सोडलं की आपलं बघणं सुरू होतं."

तिच्या क्षेत्रातली नावं मी मग शोधून वाचली. बंगळूरचे अनिंद्य सिन्हा आधी रेणूजीवशास्त्रात होते, मग माकडांकडे वळले. त्यांचं एक निरीक्षण मला विशेष आवडलं. दोन माद्या एकमेकींचे केस विंचरत बसल्या आहेत आणि त्या दोघींपेक्षा वरचढ तिसरी आली, तर उठून जाते ती बहुधा दोघींतली खालच्या पायरीवरची. म्हणजे तिला स्वतःची पायरी ठाऊक आहे आणि शेजारणीचीही. आमच्या कँटीनमध्ये प्लँट हेड टेबलाजवळ आला की ताट घेऊन कोण उठतं, हे आठवून मला हसू आलं. ही गोष्ट १९९८ मध्ये छापली गेली. ती दिसायला किती हजार मिनिटं 'बसली', 'बसली' लिहावं लागलं असेल, हे आता मला कळतं.

बंदिपूरच्या माकडांविषयीचं वाचून मी बांधावरच्या टोळीकडे वेगळ्या नजरेनं बघू लागलो. या जातीच्या टोळीत एरवी अनेक नर असतात आणि ते आपसांत बऱ्यापैकी सामोपचारानं राहतात, मोठे नरसुद्धा एकमेकांशी खेळतात. पण बंदिपूर-मुदुमलैच्या रस्त्याकडेला प्रवासी खाऊ टाकतात तिथे एकाच नराच्या टोळ्या होऊ लागल्या. अन्न एका जागी साठलं की एकाला ते आणि टोळी दोन्ही राखता येतात. २०१८च्या एका अभ्यासात तिथली माकडं माणसाकडे बघून विशिष्ट हाक घालतात, हात पुढे करतात आणि माणसाचं लक्ष आहे की नाही हे बघून मागतात, असं दिसलं. आपण बिस्किट टाकतो तेव्हा ते प्राण्याच्या पोटात तर जातंच, शिवाय त्याच्या समाजाच्या घडणीत आणि बोलीतही उतरतं.

टपरीवर सगळ्यांचं एकमत आहे की माकडं फार वाढली. कोकणातल्या माझ्या आत्तेभावाचंही तेच मत, आणि नारळ-काजू हातचे गेलेल्याला ते मत असण्याचा पूर्ण हक्क आहे. पण म्हैसूरच्या मेवा सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हैसूर भागातले तेच रस्ते अनेक वर्षांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा मोजले. २०१७ मध्ये छापलेला त्यांचा हिशेब सांगतो की २५ वर्षांत तिथली टोपीवाली माकडं निम्म्याहून अधिक घटली. रस्ते रुंद करताना कडेचे वड-पिंपळ गेले, लोकांनी माकडं धरून दुसरीकडे सोडली, आणि उत्तरेकडून लाल तोंडाची माकडं दक्षिणेत सरकत आहेत ते वेगळंच. ज्या जातीची कुणाला चिंता नव्हती, ती आता धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. उपद्रव आवाज करतो. घट आवाज करत नाही. ती फक्त मोजणाऱ्याला दिसते, तीही त्याच रस्त्यावर तो पुन्हा गेला तर.

गेल्या पावसाळ्याआधी बांधाकडचा रस्ता रुंद झाला. चारपैकी दोन चिंचा गेल्या. टोळी पाच-सहा आठवडे दिसली नाही, मग आली. चिठ्ठ्या काढायला बसलो तर आक्का नव्हती.

भाचीला फोन केला. "आक्का गेली बहुतेक," मी म्हटलं. "नाव काढून टाकू का चिठ्ठ्यांतून?"

"मेलेली बघितलीत?"

"नाही."

"मग गेली असं लिहू नका. दिसली नाही असं लिहा. आणि चिठ्ठी राहू दे अजून काही महिने."

ते पिल्लू आता मोठं झालंय. वडाच्या मुळापाशी ते बसतं, पण तिथे कुणीही बसतं, त्यातून मी काही काढत नाही. परवा रविवारी आक्काची चिठ्ठी निघाली. टपरीपाशी पोरांनी केळी टाकली होती आणि जोराचा गलका चालू होता. मी तिकडे पाठ केली आणि दहा मिनिटं झाडं, बांध, दगड, पुन्हा झाडं शोधत राहिलो. मग शेवटच्या रकान्यात लिहिलं, नजरेआड. आणि पुढची चिठ्ठी उचलली.